खोटं कर्ज सिबिलमधून काढलं, तरी परत का येतं?

तक्रारीचा नमुना जवळजवळ ठरलेला असतो. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या फ्लॅटसाठी गृहकर्जाचा अर्ज जातो. बँक सांगते, "तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज थकलंय." ते कर्ज घेतलेलंच नसतं. क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीच्या, संकेतस्थळावर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाकला जातो आणि महिन्याभरात ती नोंद दिसेनाशी होते. दोन-तीन महिन्यांनी तीच रक्कम पुन्हा दिसते. कधी त्याच नावाने, कधी वेगळ्याच कंपनीच्या नावाने.

असं होतं कारण दुरुस्ती चुकीच्या जागी झालेली असते. ब्युरो कर्जाची माहिती तयार करत नाही. बँका आणि एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या, जी फाईल पाठवतात, तीच तिथे चढते. १ जानेवारी २०२५ पासून ही फाईल किमान पंधरवड्याला एकदा जाते; महिन्याची १५ तारीख आणि शेवटचा दिवस, असे दोन टप्पे. त्यामुळे कर्ज देणाऱ्याच्या स्वतःच्या हिशोबात ते खातं तुमच्या नावावर जिवंत असेल, तर ब्युरोतून काढलेली नोंद पुढच्या एखाद्या फाईलबरोबर परत येते. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनी कायद्याच्या कलम २१ नुसारही, कर्ज देणाऱ्याने दुरुस्ती प्रमाणित केल्याशिवाय ब्युरो स्वतःच्या मनाने आकडा बदलू शकत नाही. म्हणून खरा झगडा कर्ज देणाऱ्याशी आहे, आणि ब्युरोचा रिपोर्ट हा त्या झगड्यातला पुरावा आहे.

आधी खात्री करा: खरंच चोरी आहे का?

ठाणे-नवी मुंबईत "माझ्या नावावर कुणीतरी कर्ज काढलं" असं वाटणाऱ्या बऱ्याच प्रकरणांत कुणीच काही चोरलेलं नसतं. तीन गोष्टी तपासून मगच पोलिसांकडे जा, नाहीतर आठवडे वाया जातात.

पहिली गोष्ट जामीनकीची. सहकारी बँकेत मेव्हण्याला किंवा कंपनीतल्या सहकाऱ्याला जामीन राहिलेला माणूस ते विसरून जातो. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की ते कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही थकीत दिसतं. रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली मालकीचा रकाना असतो: वैयक्तिक, संयुक्त, जामीनदार. तिथे 'गॅरेंटर' लिहिलं असेल, तर ती नोंद खरी आहे आणि डिस्प्यूटने जाणार नाही.

दुसरी गोष्ट नावाची. ज्या ॲपवरून किंवा दुकानातून तुम्ही मोबाईल हप्त्यावर घेतलात, त्याचं नाव रिपोर्टमध्ये येत नाही. येतं त्यामागच्या एनबीएफसीचं, जे तुम्ही कधी ऐकलेलंही नसतं. कर्ज सुरू झाल्याची तारीख आणि रक्कम बघा, आणि त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून ताडून पाहा. कोणतं ॲप कोणत्या संस्थेचं, याची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन माणसांच्या फायली एकमेकींत मिसळणं. आपल्या भागात हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. ब्युरोचं यंत्र नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाईल आणि पत्ता जुळवून ठरवतं की ही नोंद कुणाची. घणसोली, कोपरखैरणे, दिवा, कळवा इथे पाटील, म्हात्रे, भोईर ही आडनावं घरोघरी, त्यात नावंही तीच तीच. गावठाणातला पत्ता "घर नं. अमुक, मरीआई मंदिराजवळ" असा, प्रत्येक फॉर्मवर वेगळा लिहिलेला. त्यात पॅनची रचना बघा: चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणजे दोन पाटलांच्या पॅनमध्ये चौथं-पाचवं अक्षर सारखंच असतं. टायपिंगमध्ये एक आकडा चुकला की एकाचं ट्रॅक्टरचं कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात. ओळखायचं कसं? मिसळलेल्या फायलीत सहसा त्या दुसऱ्या माणसाची नीट, जुनी, अनेक खाती एकत्र येतात: सोनेतारण, दुचाकी, पीककर्ज, काही वेळेवर फेडलेलीसुद्धा. चोरीत मात्र थोड्या दिवसांत घेतलेली, एकही हप्ता न भरलेली एक-दोन कर्जं दिसतात आणि त्यांच्या आगेमागे एनक्वायरींची, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांनी तुमचा रिपोर्ट मागवल्याच्या नोंदींची, रांग लागलेली असते.

फाईल मिसळली असेल तर पोलिसांचं काम नाही. पॅन आणि जन्मतारखेच्या पुराव्यासह ब्युरो आणि कर्ज देणारी संस्था, दोघांनाही लिहा. दुसऱ्या माणसाचं नाव, पत्ता तुम्हाला दिसत असेल तर त्याच्या दारात जाऊ नका. तोही तितकाच अडकलेला आहे.

चारही रिपोर्ट एकाच दिवशी काढा

लोक सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतात, पण परवानाधारक ब्युरो चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०१७ पासून प्रत्येकाने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. म्हणजे जानेवारी ते डिसेंबरमध्ये चार मोफत रिपोर्ट. सगळं ठीक असताना ते वर्षभरात वाटून घ्यावेत, तिमाहीला एक. चोरीची शंका आली की मात्र चारही त्याच दिवशी, कारण एका ठिकाणी दुरुस्त झालेली नोंद बाकी तिघांकडे तशीच असते आणि बँक नेमका कोणता रिपोर्ट मागवेल हे तुमच्या हातात नसतं.

संकेतस्थळावर गेल्यावर आधी पैसे भरायच्या योजना समोर येतात. 'फ्री ॲन्युअल रिपोर्ट'ची लिंक खाली किंवा कोपऱ्यात असते, ती शोधा. पेमेंट ॲपमध्ये दिसणारा स्कोअर पुरेसा नाही. तिथे बहुतेक वेळा एकाच ब्युरोचा सारांश असतो, पत्ते आणि जुन्या एनक्वायरी नसतात. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

इथे एक अडचण हमखास येते: ओटीपी येतच नाही. चोराने कर्ज घेताना स्वतःचा मोबाईल नंबर दिलेला असतो, तो ब्युरोकडे तुमच्या नावापुढे चढतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, खातं कुलूपबंद होतं. ब्युरोच्या संकेतस्थळावरून ऑफलाइन अर्जाचा नमुना घ्या, पॅनची आणि पत्त्याच्या पुराव्याची सही केलेली प्रत जोडा आणि ईमेलने किंवा टपालाने पाठवा. त्याच पत्रात लिहा की नोंदवलेला अमुक नंबर माझा नाही.

रिपोर्ट कुठून वाचायचा

स्कोअर सोडा. आधी एनक्वायरीचा भाग उघडा. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, किती रकमेसाठी तुमचा रिपोर्ट मागवला, ते तिथे असतं. कर्जाची नोंद चढायला पंधरवडा-महिना लागतो, एनक्वायरी आधी दिसते. अनोळखी एनक्वायरी दिसली आणि कर्ज अजून दिसत नसेल, तर त्याच दिवशी त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. पैसे अजून सुटले नसण्याची शक्यता असते. २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या आदेशानुसार रिपोर्ट पाहिला गेला की ब्युरोने एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसून टाकू नका. पण त्यातल्या लिंकवरही जाऊ नका, संकेतस्थळ स्वतः उघडा.

मग पत्ते आणि फोन नंबर. कधीही न राहिलेला पत्ता किंवा अनोळखी नंबर असेल तर तो कोणत्या तारखेला चढला ते टिपा. ती तारीख खोट्या कर्जाच्या तारखेशी जुळते.

शेवटी खाती. प्रत्येक संशयित खात्याचा क्रमांक, सुरू झाल्याची तारीख, मंजूर रक्कम, थकबाकी आणि महिनावार डीपीडी, म्हणजे किती दिवस हप्ता थकला तो आकडा, वहीत उतरवा. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर जपा. ब्युरो तोच विचारतो.

कर्ज देणाऱ्याकडे काय मागायचं

"हे कर्ज माझं नाही, कृपया काढा" एवढ्या ईमेलला "आमच्या नोंदीनुसार कर्ज वैध आहे" एवढंच उत्तर येतं. कागद मागितल्याशिवाय प्रकरण हलत नाही. पत्रात हे नावानिशी मागा: कर्जकरार आणि की-फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा गोषवारा), केवायसीसाठी घेतलेली कागदपत्रं, सेल्फी किंवा व्हिडिओ केवायसीची नोंद, ओटीपी ज्या मोबाईलवर गेला तो नंबर, वेळ आणि आयपी पत्ता, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पैसे ज्या बँक खात्यात जमा झाले त्याचा क्रमांक, आयएफएससी आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक. डिजिटल कर्जाची रक्कम, ठरावीक अपवाद सोडले तर, कर्जदाराच्याच बँक खात्यात जायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते खातं तुमचं नसेल, तर संस्थेची बाजू तिथेच कोसळते. दुकानातून घेतलेल्या वस्तूचं कर्ज असेल तर पैसे दुकानदाराला जातात. तेव्हा बिल, दुकानाचं नाव आणि माल घेणाऱ्याचा फोटो मागा.

त्याच पत्रात तीन मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, हे खातं तुमच्या मूळ हिशोबातून माझ्या नावावरून काढा. दोन, चारही ब्युरोंना नोंद पुसण्याची सूचना पाठवा. तीन, या कर्जाची कोणतीही जबाबदारी माझ्यावर नाही असं लेटरहेडवर लिहून द्या.

'क्लोज' आणि 'डिलीट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खातं 'क्लोज्ड', 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' करून देतो असं सांगितलं जातं आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण या तिन्ही शब्दांचा अर्थ असा की कर्ज तुम्ही घेतलं होतं. सेटल्ड आणि रिटन ऑफ पाहून पुढची बँक अर्ज मागे सारते. नोंद पूर्ण पुसली जायला हवी, थकबाकीच्या महिनावार इतिहासासकट.

आणि वसुलीवाल्यांच्या तगाद्याला कंटाळून, "दोनच हजार आहेत, भरून टाकू" असं करू नका. एक रुपयाही भरला तरी कर्ज मान्य केल्यासारखं धरलं जातं. फोन येतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. कॉलची नोंद ठेवा आणि तीही तक्रारीला जोडा.

परत येण्याची नेमकी कारणं

वर सांगितलेलं मूळ कारण, म्हणजे संस्थेच्या हिशोबात खातं जिवंत राहणं, सगळ्यांत जास्त आढळतं. संस्थेचा ग्राहक विभाग ब्युरोला दुरुस्ती पाठवतो, पण कर्जाच्या प्रणालीत खातं तसंच राहतं. म्हणून लेखी पत्रात "मूळ हिशोबातून" हे शब्द हवेत.

दुसरं कारण डिस्प्यूटचा प्रकार चुकणं. ऑनलाइन अर्जात 'रक्कम चुकीची' हा पर्याय निवडला, तर संस्था रक्कम तपासते, बरोबर असल्याचं कळवते आणि विषय मिटतो. निवडायचा तो मालकीचा पर्याय: हे खातं माझं नाही.

तिसरं कारण ओळखायला अवघड. थकलेलं कर्ज मूळ संस्था मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे एआरसीला, विकते. विकलेल्या गठ्ठ्यात तुमचं खोटं कर्जही जातं. मूळ संस्थेने आपली नोंद पुसली तरी एआरसी तेच कर्ज नव्या नावाने, नव्या क्रमांकाने ब्युरोला कळवते. सुरुवातीची तारीख आणि मंजूर रक्कम जुन्या नोंदीशी जुळली, तर हेच झालंय. मूळ संस्थेला विचारा, हे खातं कुणाला विकलं, कोणत्या तारखेला. मग जबाबदारी नसल्याच्या पत्राची प्रत जोडून एआरसीला वेगळी तक्रार करा.

चौथं कारण जवळजवळ सगळेच विसरतात: खोटा पत्ता आणि खोटा मोबाईल नंबर. कर्ज पुसलं, पण तुमच्या फायलीत चोराचा नंबर तसाच राहिला. उद्या त्याच नंबरावर काढलेलं दुसरं कर्ज जुळवणीत पुन्हा तुमच्याच फायलीला चिकटतं. वैयक्तिक माहितीचा डिस्प्यूट वेगळा टाकावा लागतो, चारही ठिकाणी.

पोलीस तक्रार: कुठे आणि कशी

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोच क्रमांक घ्या. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर पैसे नुकतेच गेले असतील तेव्हा सर्वांत उपयोगी, कारण तिथून पुढचं खातं गोठवता येतं. महिन्यांपूर्वीच्या खोट्या कर्जासाठी पोर्टलची तक्रार आणि गुन्हा नोंदवणं, दोन्ही लागतं.

हद्दीचा घोळ इथे नेहमीचा. ऐरोली आणि दिघा ठाणे जिल्ह्यात असले तरी पोलीस नवी मुंबईचे. खारघर, पनवेल रायगड जिल्ह्यात, तरी आयुक्तालय नवी मुंबईचंच. कळवा, मुंब्रा, कासारवडवली ठाणे आयुक्तालयात. काशिमीरा मात्र मीरा-भाईंदर, वसई-विरारकडे. "आमची हद्द नाही" असं उत्तर मिळालं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या या कलमानुसार हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि तक्रारदाराला प्रत मोफत मिळते. तरी दाद लागली नाही, तर पोलीस उपायुक्तांना लेखी द्या.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी ओळखचोरीसाठी आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ६६ डी संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्याबद्दल. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, म्हणून सुरुवातीलाच निरीक्षकांना भेटा. सोबत चारही रिपोर्टच्या प्रती, संशयित ओळींवर खूण, आणि संस्थेशी झालेला पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावलेला.

तीस दिवसांचा हिशोब

तक्रार केल्यापासून ३० कॅलेंडर दिवसांत निकाल लागायला हवा. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे, उरलेले ब्युरोचे. त्यापुढे रेंगाळल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई, ही २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. समजा १ जूनला तक्रार केली आणि निकाल २० ऑगस्टला लागला. १ जुलैला तीस दिवस संपले. २ जुलै ते २० ऑगस्ट हे ५० दिवस, म्हणजे ५,००० रुपये. निकालानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम बँक खात्यात यायची आहे. म्हणून पहिल्याच तक्रारीत आपला खाते क्रमांक आणि आयएफएससी द्या. फोनवरची तक्रार मोजली जात नाही असं समजूनच चाला. ईमेल किंवा पोर्टल, आणि तक्रार क्रमांक.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकील लागत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोविरुद्धही तिथे तक्रार करता येते. आधी संस्थेकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर अर्ज परत येतो.

पतपेढी मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाही. तिथे खोट्या सहीचं कर्ज किंवा जामीनकी निघाली, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करावी लागते.

कागद कुठून गळतात

भाडेकरार करताना एजंट आधार, पॅन आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागतो. सिडको-म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरून देणारा सायबर कॅफेवाला तेच संगणकावर साठवतो. स्टेशनबाहेरच्या सिमच्या छत्रीखाली तेच, झेरॉक्सच्या दुकानात तेच. आधार आणि पॅन एकत्र मिळाले की छोट्या कर्जाला फार काही उरत नाही.

आधारची 'मास्क्ड' प्रत द्या. तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पॅनच्या प्रतीवर अक्षरांना छेद जाईल असं आडवं लिहा: "फक्त भाडेकरारासाठी, तारीख, कुणाला दिली". आधारला बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याच्या ठशाचं कुलूप, लावून ठेवा, पण भाडेकराराच्या नोंदणीला अंगठा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडा, नाहीतर यंत्र अंगठा घेत नाही आणि सगळे यंत्राला दोष देत बसतात. या लॉकने ओटीपीवरचं ई-केवायसी थांबत नाही, हेही लक्षात असू द्या. आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा मागचा सहा महिन्यांपर्यंतचा इतिहास आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या संकेतस्थळावर दिसतो.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. अनोळखी नंबर असेल तर तिथेच 'माझा नंबर नाही' असं कळवता येतं. रिपोर्टमधला चोराचा नंबर तुमच्याच नावावरचा निघाला, तर हे काम सगळ्यांत आधी करा. जीएसटीच्या पोर्टलवरही पॅन टाकून शोधा. पॅन हाती लागलेले लोक कधीकधी त्यावर बोगस फर्म उघडतात आणि ते क्रेडिट रिपोर्टमध्ये कधीच दिसत नाही.

नोंद पुसल्यानंतर

पुसल्याचा ईमेल आला की लगेच रिपोर्ट काढून समाधान मानू नका. किमान दोन पंधरवड्यांच्या फायली जाऊ द्या, म्हणजे त्या चढायचा वेळ धरून साधारण दीड महिना, आणि मग चारही ठिकाणी पुन्हा बघा. वर्षाचा मोफत रिपोर्ट वापरून झाला असेल तर यावेळी पैसे भरा. पुढे सहा महिन्यांनी, एआरसीच्या शक्यतेसाठी, एकदा आणखी.

जबाबदारी नसल्याचं पत्र, गुन्ह्याची प्रत, चार ब्युरोंचे तक्रार क्रमांक आणि आधीचे-नंतरचे रिपोर्ट एका फायलीत ठेवा. ब्युरो कर्जाची माहिती किमान सात वर्षं जपतात. तुमची फाईलही तेवढी वर्षं हाताशी असू द्या. गृहकर्जाच्या अर्जाला त्या पत्राची प्रत आधीच जोडली, तर बँकेच्या अधिकाऱ्याला जुनी एनक्वायरी दिसली तरी प्रश्न विचारायला अर्ज परत पाठवावा लागत नाही.